एक जूनची माणसं

जूनच्या पहिल्या रविवारी आमच्या प्रार्थनाघरात एक आवाज होतो, तो वर्षात पुन्हा कधी ऐकू येत नाही. सतरंजीवर मांडी घालून बसलेली तीस-चाळीस माणसं एकाच वेळी उठतात, त्याचा तो आवाज. गुडघे कडकडतात, बांगड्या किणकिणतात, कुणाच्या तरी खिशातली किल्ली फरशीवर पडते, आणि पत्र्याखालच्या त्या उकाड्यात खोबरेल तेलाचा, घामाचा, नुकत्याच धुतलेल्या लुगड्यांचा मिश्र वास क्षणभर वर येऊन पंख्याच्या वाऱ्याने पांगतो. पास्टरसाहेबांनी इतकंच म्हटलेलं असतं, की या आठवड्यात ज्यांचा वाढदिवस आहे त्यांनी उभं राहावं, आपण त्यांच्यासाठी प्रार्थना करू. एरवीच्या रविवारी एखादं लेकरू लाजत उभं राहतं. या रविवारी निम्मं प्रार्थनाघर उभं राहतं, आणि बसलेलं निम्मं हसू दाबतं.

तुम्ही आमच्या भागातले नसाल तर तुम्हाला हे नवल वाटेल. पण केज तालुक्यातल्या आमच्या गावात, आणि आसपासच्या कितीतरी गावांत, ज्यांच्या आईबापांना जन्मतारीख सांगता आली नाही त्या सगळ्यांचा जन्म एक जूनचा आहे. शाळा जूनमध्ये उघडते. लेकराचं वय एक जूनला पूर्ण झालं असं लिहिलं की ते पहिलीत बसतं. तशी माझीही तारीख एक जून. माय मला कडेवर घेऊन शाळेत गेली होती. गुरुजींनी विचारलं, जन्म कधीचा? माय म्हणाली, "थंडी लई व्हती, गुर्जी." गुरुजींनी तिच्याकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं, आणि त्या कडाक्याच्या थंडीची तारीख एक जून लिहिली.

माय मात्र त्या रविवारी बसूनच असते. ती शाळेत गेलीच नाही, त्यामुळे तिला जूनही मिळाला नाही. आधार कार्ड काढताना तिला एक जानेवारी मिळाली, पण ती तिने कधी मनावर घेतली नाही. "ते मशीनवाल्यानं देलंय, मपलं न्हाई," म्हणते, म्हणजे माझं नाही. मग ती कुठल्याच रविवारी उभी राहत नाही. जिचा जन्म कागदावर कुठेही खरा नोंदलेला नाही, तिने कुठल्या तारखेला उभं राहावं?

हे सगळं मी तुम्हाला सांगते आहे, कारण यंदा मला एक दुसरी तारीख विचारली गेली, आणि ती मला सांगता आली नाही. मला हे नीट मांडता येईल की नाही, ठाऊक नाही. मी केजच्या कॉलेजात बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच, आणि मोठे शब्द वापरताना मला अजून दुसऱ्याची चप्पल घातल्यासारखं वाटतं.

आमच्याकडे तान्ह्या लेकराला बाप्तिस्मा देत नाहीत. माणूस कळता व्हावा. आपण पापी आहोत हे त्याला उमगावं. आपल्या पापांची शिक्षा येशूने क्रुसावर सोसली, तो मेला आणि तिसऱ्या दिवशी उठला, हे त्याने मनापासून मानावं. आपल्या चांगुलपणाचा भरवसा सोडून सगळा भार त्याच्यावर टाकावा. असं झालं की माणसाचा नवा जन्म होतो, आणि त्या जन्माची खूण म्हणून तो पाण्यात उतरतो. ही शिकवण मी इतक्या लहानपणापासून ऐकली आहे की ती पहिल्यांदा कधी ऐकली ते आठवत नाही. मायचे वडील विश्वासात आले, माय त्यात वाढली, आणि मी पाळण्यात असल्यापासून अंगाईच्या जागी उपासनेची गीतं ऐकली. माझे वडील मी लहान असतानाच वारले. त्यांच्या मातीच्या वेळीही हीच गीतं होती.

यंदाच्या पुनरुत्थानाच्या रविवारी, म्हणजे ईस्टरला, गावच्या पाझर तलावावर माझा बाप्तिस्मा ठरला. महिनाभर आधी पास्टरसाहेबांनी एक छापील फॉर्म दिला. नाव. जन्मतारीख. मग तिसरी ओळ: नवा जन्म झाल्याची तारीख. आणि खाली सही.

पहिल्या दोन ओळी मी सवयीने भरल्या. तिसऱ्या ओळीवर पेन थांबलं.

ज्यांना ही तारीख ठाऊक असते त्यांचा मला फार हेवा वाटतो. आमच्या प्रार्थनाघरातले मारुतीकाका घ्या. एका बाजारच्या दिवशी ते दारूच्या गुंगीत गटारीच्या कडेला पडले होते, तिथून त्यांना पास्टरसाहेबांनी उचललं, घरी आणलं, तोंड धुतलं, आणि त्या संध्याकाळी काकांनी जी बाटली सोडली ती सोडलीच. ती तारीख त्यांनी घराच्या चौकटीवर निळ्या ऑइलपेंटने रंगवून घेतली आहे. साक्ष द्यायला उभे राहिले की ते सांगतात, मपले दोन जलम, एक गुर्जीनं देलेला अन् एक प्रभूनं देलेला, आन् खरा दुसराच. अशी साक्ष ऐकताना माझ्या अंगावर शहारा येतो, आणि त्याच वेळी आत कुठेतरी वाईट वाटतं. मी कधी गटारीच्या कडेला पडले नाही. मला कुणी उचलून आणलं नाही. मी तर आधीपासून घरातच होते. मग मी घरात आले कधी?

फॉर्म हातात घेऊन बसलेली पाहून मारुतीकाकांनी मला चिडवलंच. "काय गं कॉलेजवाले, तुपली तारीख कंची? का पंचांग बघाय लागतंय?" मी म्हटलं, आठवत नाही. ते हसले, पण डोळ्यांत काळजी होती. "बघ बाई. तारीख न्हाई म्हंजी कोर्टात केस उबी ऱ्हात न्हाई. हितं तर जलमाचा सवाल हाय."

मग मी एक गोष्ट केली, ती तुम्हाला सांगायची लाज वाटते. दिवाळीच्या सुट्टीत घाटनांदूरला आमच्या तरुण मुलामुलींचं शिबिर झालं होतं. शेवटच्या दिवशी, ज्यांना आज प्रभूला आपलं जीवन द्यायचं आहे त्यांनी हात वर करावा, असं सांगितलं गेलं. माझ्या डाव्या-उजव्या दोघी मैत्रिणींनी हात वर केले, म्हणून मीही केला. त्या दिवसाची तारीख मी फॉर्मवर लिहिली. सोयीची तारीख! गुरुजींनी माझ्यासाठी जे केलं तेच मी माझ्या आत्म्यासाठी केलं होतं. गुरुजींचं निदान लेकराला पहिलीत बसवण्यासाठी होतं. माझं कशासाठी होतं? चारचौघांत ओळ रिकामी दिसू नये म्हणून.

फॉर्म देऊन आले आणि झोप उडाली. नवा जन्म म्हणून जी नोंद करायची तिचं पहिलं अक्षरच खोटं असेल, तर मी पाण्यात उतरून काय धुणार होते? आणि खरं सांगितलं, तर पास्टरसाहेब म्हणतील, अजून थांब. त्याहून भयंकर शंका दुसरी होती, आणि ती मी कुणाजवळही बोलले नव्हते. तारीख नाही याचा अर्थ, कदाचित, जन्मच नाही, असा तर नसेल? सगळी गीतं पाठ, सगळी शिकवण पाठ, आणि आत मात्र काहीच जिवंत नाही, अशी तर मी नसेन?

बाप्तिस्म्याच्या आदल्या दिवशी दुपारी माय ओट्यावर सुपात ज्वारी पाखडत होती. तिच्या हातात काचेच्या दोनच बांगड्या असतात. सूप वर गेलं की त्या कोपराकडे सरकतात आणि खाली आलं की मनगटाशी येऊन वाजतात. समोर बसून निवडायचं काम माझ्याकडे होतं. मी विचारलं, "माय, मपला जलम कवा झाला गं?"

"कावून? आता आजून कंचा फारम भरायचाय?"

"न्हाई, आसंच."

तिने सूप थांबवलं नाही. "आमी ऊस तोडाय गेलतो तवा. कारखान्याच्या मागं पाचटाच्या कोप्या व्हत्या आमच्या. आदल्या दिशी सांजपातुर म्या मोळ्या बांधल्या. पहाटं कळ आली. टोळीत बायजाअक्का व्हती, तिनंच केलं समदं. धुकं आसं पडलेलं की कोपीच्या दाराफुडचं बैल दिसंनात. रगत थांबंना मपलं. बायजाअक्का म्हनं, सगुणे, डोळं झाकू नगंस, बोलत ऱ्हा मपल्याशी. आन् तेवढ्यात कारखान्याचा भोंगा झाला, आन् त्याच टायमाला तू भोकाड पसरलंस. अक्का म्हनली, दोन भोंगे झाले गं!"

ती हसली. ही गोष्ट मी आधीही ऐकली होती, पण रक्ताची गोष्ट तिने कधी सांगितली नव्हती.

"वार कंचा व्हता?"

"वार बघाय कुणाला सुद व्हती, बाई?"

"म्हंजी तारीख ठावीच न्हाई तुला."

आता तिने सूप मांडीवर ठेवलं. "न्हाई ठावी. मग? तू जलमलीच न्हाईस का काय? मग ही मपल्या म्होरं कोन बसलीय, येकबी खडा न निवडता?"

मी तिला फॉर्मची सगळी गोष्ट सांगितली. खोटी तारीखही सांगितली. ती बराच वेळ ज्वारीत बोटं फिरवत राहिली. मला वाटलं, रागावेल. पण ती हळू आवाजात, जणू स्वतःशीच, म्हणाली, "तारीख मला ठावी न्हाई. कळ ठावी हाय."

त्या एका वाक्यावर मी किती दिवस विचार करत आहे! आपण मराठीत म्हणतो, अमक्याने जन्म घेतला. जणू दुकानात जाऊन घेतला! कुठल्या लेकराने कधी जन्म घेतला आहे? जन्म दिला जातो. त्या धुक्यातल्या पहाटे मी काय केलं होतं? कळा मायने सोसल्या, रक्त मायचं गेलं, मरणाच्या दारापर्यंत जाऊन ती परत आली. आणि मी, जिच्यासाठी हे सगळं चाललं होतं, मी फक्त बाहेर आले आणि रडले. माझ्या येण्यात माझं कर्तृत्व काडीचं नव्हतं. कृपा हा शब्द मी हजार वेळा गायला असेल, प्रश्नोत्तरांत त्याचा अर्थ बिनचूक सांगून बक्षीसही मिळवलं होतं. पण तो शब्द सुपातल्या ज्वारीसारखा माझ्यापुढे पसरलेला मी त्या दुपारी पहिल्यांदा पाहिला. ज्या नव्या जन्माची तारीख मी शोधत होते, त्याच्याही कळा दुसऱ्यानेच सोसल्या होत्या. त्याचंही रक्त थांबलं नव्हतं. त्याने क्रुसावर माझ्यासाठी काय सोसलं, हे ज्याचं त्याला ठाऊक. आणि त्याला जर ठाऊक आहे, तर माझ्या विसरण्याने त्यातलं काय कमी होणार?

पण मग जन्म झाला आहे हे ओळखायचं कशावरून? हा प्रश्न उरतोच, आणि तो टाळणं बरं नाही.

मला कॉलेजचं गेट आठवतं. पहिल्या वर्षाची गोष्ट. माय काही कामाने तहसीलला आली होती, आणि परत जाताना मला भेटायला कॉलेजच्या गेटवर थांबली. पायांत रबरी चप्पल, डोक्यावर पदर, हातावर उसाच्या पानांनी कापल्याचे जुने वण. तिने लांबून हाक मारली, "करुणाऽ, ए बाई!" माझ्यासोबत वर्गातल्या दोघी होत्या. एकीने विचारलं, कोण गं त्या? आणि मी म्हणाले, आमच्या गावातल्या आहेत. इतकंच म्हणाले. खोटंही नव्हतं ते. माय तोवर जवळ आली होती. तिने ऐकलं की नाही, कळलं नाही. तिने पदरात बांधून आणलेली बोरं माझ्या हातात दिली आणि, "येते मग," म्हणून जीप पकडायला गेली.

पाप म्हणजे चोरी, दारू, मारामारी असं मी समजत होते. ते मारुतीकाकांच्या साक्षीत असतं, माझ्यात नसतं. त्या दिवशी ओंजळीतली बोरं घेऊन वर्गात बसले तेव्हा मला कळलं, की जिने मला रक्त देऊन जन्म दिला तिला मी तीन शब्दांत परकी करून टाकलं, आणि हे करणारी मीच आहे. कुणी माझ्याकडून करवून घेतलं नाही. बोरं खाववली नाहीत. तरी कितीतरी दिवस मी तिला काही बोलले नाही. पुढे एकदा पिठाच्या गिरणीवरून येताना रस्त्यातच माझा बांध फुटला. मी म्हणाले, माय, त्या दिवशी गेटवर मी... तिने डोक्यावरचा डबा सावरला आणि म्हणाली, "म्या तवाच इसरले की. चल, ऊन लागतंय."

तवाच! मी मागायच्या आधी. मी रोज मनात शब्द जुळवत होते, तेव्हा क्षमा झालेलीच होती. फक्त मी ती घ्यायला गेले नव्हते. गेटपासून गिरणीपर्यंतच्या त्या दिवसांत केव्हातरी माझ्या आत काहीतरी हललं असणार, कारण आधीची मी असते तर मला काही दुखलंच नसतं. ते नेमकं कोणत्या दिवशी झालं? मला ठाऊक नाही. पण दुखलं, हे खरं आहे. आणि दुखतं ते जिवंत असतं.

पुनरुत्थानाच्या रविवारी सकाळी आम्ही तलावावर गेलो. मार्च-एप्रिलात तलावाचं पाणी आत आत सरकतं. भेगाळलेल्या चिखलावरून बरंच चालत जावं लागतं, तेव्हा पाणी लागतं. पास्टरसाहेब कडेला उभे होते, हातात आमचे फॉर्म. मी जवळ गेले आणि म्हणाले, मला माझा फॉर्म हवा आहे. त्यांच्याच खिशातलं पेन घेऊन मी तिसऱ्या ओळीवरची तारीख खोडली.

"हे काय? खोडलं का?"

"खोटी होती, पास्टरसाहेब. मला खरी तारीख माहीत नाही."

मागून मारुतीकाका पुटपुटले, "घ्या! आता झाली का पंचाईत."

पास्टरसाहेब पाण्याकडे पाहत राहिले. मायकडे बघायची हिंमत होत नव्हती. मग त्यांनी विचारलं, "पापी आहेस?"

"हो," मी म्हणाले. मला गेट दिसत होतं.

"त्याची शिक्षा कुणी सोसली?"

"येशूने."

"तो आता कुठं आहे?"

"जिवंत आहे."

"आणि तुझा भरवसा कशावर? तुझ्या आजोबांच्या विश्वासावर? पाठांतरावर? चांगली पोरगी आहेस म्हणून?"

"यातल्या कशावरच नाही. त्याच्यावर."

त्यांनी फॉर्मची घडी घातली, सदऱ्याच्या खिशात ठेवणार तोच हात मागे घेतला आणि ती घडी मारुतीकाकांकडे दिली, कारण आता सदरा भिजणार होता. मग उपासनेची शुद्ध भाषा सोडून ते म्हणाले, "मपलीबी शाळंतली तारीख एक जूनच हाय, बाळ. चल. पाणी गार हाय."

पाणी गार होतं. गुडघ्याला, कमरेला, मग छातीला. बापाच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने, हे शब्द कानांवर पडले आणि पाठोपाठ सगळे आवाज बंद झाले. त्या एका क्षणात मला काही दिसलं नाही, कुठला प्रकाश नाही, कुठली वाणी नाही. फक्त वरून एक हात मला धरून होता आणि मी स्वतः काहीच करत नव्हते. वर आले तेव्हा आधी श्वास घेतला, आणि मग रडले. मोठ्याने, लाज सोडून. जन्मलेल्या लेकराचा असतो तोच क्रम.

काठावर कोरडं लुगडं हातात धरून माय उभी होती. सगळे "प्रभूची स्तुती असो" म्हणत होते. ती मात्र भेगाळलेल्या चिखलात पुढे येत ओरडली, "झाला गं भोंगा!" मारुतीकाका इकडेतिकडे बघू लागले, कारण आमच्या पंचक्रोशीत कारखाना नाही. ते आम्हा दोघींनाच कळलं.

फॉर्मवरची ती ओळ अजून तशीच आहे. खोडलेली, आणि पुढे काही न लिहिलेली.

आणि मग या जूनचा पहिला रविवार आला. तोच पत्रा, तोच उकाडा. पास्टरसाहेबांनी नेहमीसारखं विचारलं, आणि नेहमीसारखे आम्ही उठू लागलो, एक जूनची सगळी माणसं, उसन्या तारखेवर उभी राहणारी. मला वाटून गेलं, आपल्यातल्या कुणालाही आपण केव्हा आलो ते ठाऊक नाही. आणि तरीही आपण आलो आहोत, उभे आहोत, आपल्यासाठी प्रार्थना होते आहे. तेवढ्यात शेजारी हालचाल झाली. माय माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठत होती.

पास्टरसाहेब हसले. "सगुणाबाई, तुमचा तर जानेवारीत असतो ना?"

"उबी ऱ्हाते," माय पदर सारखा करत म्हणाली. "मलाबी कवा तरी झालाच आसंल की जलम."

कुणी हसलं नाही. सगळ्यांनी डोळे मिटले. आता प्रार्थना सुरू व्हायची होती, आणि तो आवाज, वर्षात एकदाच होणारा, अजून पुरता विरला नव्हता. यंदा त्यात काचेच्या दोन बांगड्या जास्त होत्या.